कामाचा माणूस

(परदेशी जाऊन हातांचे काम शिकविणाऱ्या सेवकाचा दिनक्रम : एक अभ्यासपाठ)

शास्त्रपाठ : निर्गम ३१:१–११, निर्गम ३५:३०–३५, प्रेषितांची कृत्ये १८:१–४, १ थेस्सलनीकाकरांस ४:११–१२, २ तीमथ्य २:२.

पाठाचा हेतू : हस्तकौशल्य शिकविणे हीसुद्धा सेवा आहे हे ओळखणे, आणि अशी सेवा कोणत्या कसोटीवर तपासावी ते एका सेवकाच्या चरित्रावरून समजून घेणे.

प्रस्तावना

परदेशी सेवेला गेलेल्या माणसाचे नाव निघाले की आपल्या डोळ्यांपुढे तीन चित्रे उभी राहतात. एक उपदेशक, दुसरा डॉक्टर आणि तिसरा शाळामास्तर. चौथाही एक आहे, पण त्याचे चित्र रविवारच्या शाळेच्या भिंतीवर सहसा टांगलेले नसते. त्याच्या हातात रंधा असतो, कपड्यांना तेलाचे डाग असतात, आणि त्याचा वर्ग झाडाखाली किंवा छपरात भरतो. सुतारकाम, लोहारकाम, विटा पाडणे, छपाई, यंत्राची दुरुस्ती असे काहीतरी तो परक्या देशातील मुलांना शिकवीत असतो.

पवित्र शास्त्राला हा मनुष्य अनोळखी नाही. निर्गमाच्या ३१ व्या अध्यायात देवाने ज्याला आपल्या आत्म्याने परिपूर्ण केले असे सांगितले आहे, तो बसालेल याजक नव्हता आणि संदेष्टाही नव्हता. तो सोने, रुपे, पितळ, दगड आणि लाकूड यांचे काम करणारा कारागीर होता. पुढे ३५ व्या अध्यायात आणखी एक गोष्ट सांगितली आहे, तिच्याकडे आपले फारसे लक्ष जात नाही. बसालेल आणि अहलियाब यांना काम करण्याची बुद्धी मिळाली तशीच ते दुसऱ्यांना शिकविण्याचीही मिळाली. काम येणे हे एक दान आहे. ते दुसऱ्याच्या हातात उतरविता येणे हे निराळे दान आहे. आजच्या पाठाचा सारा भर या दुसऱ्या दानावर आहे.

उदाहरणासाठी आपण युगांडात काम केलेले स्कॉटिश यंत्रज्ञ अलेक्झांडर मॅके यांचे चरित्र घेऊ.

१. यंत्रशाळेतून सरोवराकाठी

मॅके यांचा जन्म १८४९ साली स्कॉटलंडमधील ऱ्हाइनी या खेड्यात झाला. वडील फ्री चर्चचे पाळक होते. मुलाने आपल्यामागे पाळक व्हावे अशी त्यांची इच्छा असणे स्वाभाविक होते. पण मुलाचा ओढा यंत्रांकडे होता. एडिंबरोला शिक्षकाचे आणि नंतर यंत्रशास्त्राचे शिक्षण घेऊन ते १८७३ साली जर्मनीत गेले व बर्लिनच्या एका यंत्रशाळेत नोकरीला लागले.

त्या सुमारास प्रवासी स्टॅन्ली हा आफ्रिकेतील बुगांडा राज्यात मुतेसा राजाला भेटला. १८७५ च्या नोव्हेंबरात लंडनच्या ‘डेली टेलिग्राफ’ पत्रात त्याचे पत्र छापून आले. नुसता उपदेश करणारा मनुष्य येथे पुरणार नाही. घर बांधणारा, शेती जाणणारा, रोग बरा करणारा, कोणत्याही कामाला हात घालणारा मनुष्य पाठवा, असा त्याचा आशय होता. चर्च मिशनरी सोसायटीने हे आवाहन स्वीकारले. १८७६ च्या एप्रिलमध्ये आठ जणांची तुकडी निघाली, त्यांत मॅके वयाने सर्वांत लहान होते. निरोपाच्या सभेत ते म्हणाले की, सहा महिन्यांत आमच्यापैकी कोणीतरी मेल्याचे तुम्हांला बहुधा कळेल. तसे झाले तर खचू नका, लगेच दुसरा पाठवा. तसेच घडले. १८७७ साल संपण्यापूर्वी तुकडीतील डॉक्टर आजाराने गेला होता, आणि आणखी दोघे उकेरेवे बेटावर मारले गेले होते.

मॅके स्वतः पहिल्याच प्रवासात इतके आजारी पडले की त्यांना किनाऱ्याकडे परत पाठवावे लागले. बरे वाटू लागताच त्यांनी सादानी बंदरापासून म्प्वाप्वापर्यंत सुमारे २३० मैलांचा रस्ता तोडून काढला. झाडे पाडणे, ओढ्यांवर साकव घालणे, दलदलीतून वाट काढणे हे सर्व स्थानिक मजुरांना बरोबर घेऊन चालले. रस्ता झाला, पण गाड्यांना जुंपलेले बैल त्सेत्से माशीच्या उपद्रवाने मेले. अशा देशात प्रत्येक ओझे शेवटी माणसाच्या डोक्यावरूनच जायचे. वाफेच्या यंत्राचे भागसुद्धा हमालांनी डोक्यावरून सरोवराकाठी आणले होते.

२. हत्यारे आधी, शिकवण नंतर

१८७८ च्या जूनमध्ये मॅके व्हिक्टोरिया सरोवराच्या दक्षिण तीरावर कागेई येथे पोहोचले. तेथे एका झोपडीत मिशनचे सामान पडले होते. पेट्या फुटलेल्या, हत्यारे गंजलेली, पुस्तके आणि खिळे एकत्र कालवलेले, बॉयलरचे भाग इकडे तर यंत्राचे तिकडे. कित्येक दिवस त्यांनी एकच काम केले. निवडणे, पुसणे, तेल लावणे, जुळविणे.

परदेशी जाऊन काम शिकविणाऱ्याचा बराचसा काळ असा जातो, हे आपण ध्यानात ठेवावे. ज्या गावात खिळ्यांचे दुकान नाही तेथे एक मोडलेली कानस म्हणजे महिनाभराचा खोळंबा. मॅके यांचे टपाल आणि सामान झांझिबारमार्गे येई आणि त्याला महिनेच्या महिने लागत. म्हणून जे नाही ते जे आहे त्यातून करावे लागे. ‘डेझी’ नावाची त्यांची नाव वादळात फुटली, तेव्हा त्यांनी तिचा मधला सुमारे आठ फूट भाग कापून काढला, पुढचे व मागचे टोक एकमेकांस जोडले, आणि कापलेल्या भागाच्या फळ्यांनी भोके बुजविली. आठ आठवड्यांनी ती आखूड झालेली नाव पुन्हा पाण्यात गेली व त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात ते बुगांडाला पोहोचले.

३. नातेते येथील दिवस

मुतेसाच्या राजधानीजवळ नातेते येथे मिशनला जागा मिळाली. आज नातेते हा कंपाला शहराचाच भाग आहे. तेथे मॅके यांनी भट्टी पेटविली, ऐरण व भाता मांडला, लेथ आणि धार लावण्याचे फिरते चाक उभे केले. बुगांडात तोवर चाकाचा उपयोग नव्हता. त्यामुळे तापलेल्या लोखंडापेक्षाही फिरणाऱ्या चाकाभोवतीच गर्दी जास्त जमे.

दिवसाचा मोठा भाग भट्टीपाशी जाई. कोणाचे कुलूप, कोणाची हत्यारे, दरबाराचे एखादे फर्मान, राहत्या घराचे छप्पर, असे काम संपतच नसे. जेवण त्या देशातले, म्हणजे वाफविलेली हिरवी केळी. व्यवहार कवड्यांचा आणि कापडाचा. मध्येच ताप येई, दोन-चार दिवस अंथरुणावर जात, पुन्हा भाता सुरू होई. हा ताप डासांमुळे येतो हे तेव्हा कोणालाच माहीत नव्हते. रोनाल्ड रॉस यांनी सिकंदराबादेत डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू पाहिले ते १८९७ साली. मॅके यांच्या पिढीजवळ कोयनेल होते, पण शत्रू कोणता ते ठाऊक नव्हते.

आणि या सर्व कामांच्या फटीतून शिकविणे चाले. मुले भात्याजवळ बसून अक्षरे घोकीत. राजवाड्यातील सेवक मुले, लहानमोठे सरदार, उत्सुकतेने आलेले शेजारी अशांना ते काम करता करताच वाचावयास शिकवीत. मुलांना शिकविता शिकविता ते मुलांकडूनच लुगांडा भाषा शिकत. प्रथम त्यांचे बोलणे स्वाहिली भाषेत होई, कारण अरब व्यापाऱ्यांमुळे ती दरबारात कळत असे. परंतु दरबाराची भाषा वेगळी आणि आईची भाषा वेगळी, हे त्यांनी लवकर ओळखले. सुईदोऱ्याचे काम शिकवावयाचे असो की प्रार्थना शिकवावयाची असो, शिकणारा घरी ज्या भाषेत विचार करतो त्या भाषेत शिरल्यावाचून शिक्षक हा पाहुणाच राहतो.

येथे एक चुकीची समजूत दूर करावयास हवी. बुगांडातील लोक अडाणी होते आणि मॅके यांनी त्यांना सर्व काही शिकविले, असे मुळीच नव्हते. त्या देशात उत्तम लोहार होते. मुतुबा झाडाची साल कुटून ते जे मऊ वस्त्र बनवितात, त्याची कला तर आज युनेस्कोने मानवजातीचा वारसा म्हणून नोंदविली आहे. १८८२ साली राजाची आई वारली तेव्हा राजाने तांब्याने मढविलेली प्रचंड शवपेटी करावयास सांगितली. ती घडविताना मॅके यांच्या हाताखाली तेथलेच कारागीर होते, आणि तांबे ठोकून पत्रे करण्याचे काम त्यांनी केले. एका बाजूला यंत्रशास्त्राचे ज्ञान, दुसऱ्या बाजूला पिढ्यान्‌पिढ्यांचा हात. हे दोन्ही एका ऐरणीशी उभे राहिले तेव्हाच काम झाले.

४. कामाची लाज

मॅके यांना सर्वांत अवघड गेले ते लोखंड वाकविणे नव्हे. मान्यवर पुरुषाने हातांनी राबू नये, राबणे स्त्रियांनी व दासांनी करावे, अशी तेथील वरच्या थरातील पुरुषांची समजूत होती. (आपण हे वाचून फार दूरच्या देशाकडे पाहू नये, या समजुतीचे घर आपल्या गल्लीतही आहे.) यावर त्यांनी व्याख्यान दिले असते तर कोणी ऐकले नसते. त्यांनी बाह्या सारल्या. विहीर खणली, पंप बसविला, गाडी केली, घर बांधले. राजाशी बोलणारा, पुस्तके जाणणारा मनुष्य स्वतः माती वाहतो हे लोकांनी वर्षानुवर्षे पाहिले. लोक त्यांना स्वाहिली भाषेत ‘मुझुंगू वा काझी’ म्हणू लागले, म्हणजे ‘कामाचा गोरा माणूस’.

पौलाने करिंथात हेच केले होते. अक्विल्ला व प्रिस्किल्ला यांच्या घरी तो तंबूचे काम करीत बसे. ग्रीक नगरातील थोर लोक हातकामाला हलके मानीत, तरीही त्याने ते सोडले नाही. आणि थेस्सलनीकातील मंडळीलाही त्याने आपापल्या हातांनी काम करण्याचा बोध केला. कामाची लाज शब्दांनी जात नाही. ज्याला लाजण्याचे कारण नाही असा कोणीतरी ते काम उघडपणे करू लागतो, तेव्हा ती जाते.

५. राजाला काय हवे होते

मुतेसाला शिकलेला मनुष्य हवा होता हे खरे, पण कशासाठी? त्याला बंदुका आणि दारूगोळा हवा होता. उत्तरेकडून इजिप्तचे सैन्य, आजूबाजूची राज्ये, यांच्या भीतीने त्याला शस्त्रांची निकड वाटे. मिशनचे लोक बंदुका करून देणार नाहीत असे कळल्यावर दरबारात त्यांची किंमत वेळोवेळी घसरे. तरीही झेंड्याची काठी उभारणे, राजमातेची शवपेटी करणे असली कामे मॅके यांच्याकडे येत राहिली, आणि राजाचा आश्रय टिकावा म्हणून ती करणे भाग होते.

येथे आपण प्रांजळपणे एक हिशेब मांडू या. मॅके यांच्या हयातीत नातेते येथे कारागिरांची मोठी शाळा उभी राहिली का? नाही. काही मुले त्यांच्या हाताखाली काम शिकली. परंतु ज्या माणसाला ‘शिक्षक’ म्हणून पाठविले, त्याला दरबाराने ‘मिस्त्री’ करून टाकले. जो तो आपले काम त्यांच्याकडून करून घेई. त्यांच्याकडून शिकून घेण्यास फार थोडे तयार असत. वस्तू हवी होती, विद्या नको होती.

परदेशी मदतीच्या कामातील हा सर्वांत जुना पेच आहे, आणि तो आजही सुटलेला नाही. शिक्षकाने स्वतः केले तर दार एका दिवसात बसते. मुलाकडून करविले तर चार दिवस लागतात, दोन फळ्या वाया जातात आणि दार थोडे तिरपे बसते. गावाला दार हवे असते. पैसे पाठविणाऱ्या संस्थेला दाराचा फोटो हवा असतो. मग शिक्षकालाही वाटू लागते की आपणच करून टाकावे. असे एक वर्ष जाते, दोन जातात. त्याची मुदत संपते, तो परत जातो. आणि पहिल्याच पावसात फुगलेले दार बसविणारा गावात कोणी नसतो.

६. जे मागे उरले

मग मॅके यांचे काम फुकट गेले काय? त्यांच्या कोणत्या कामाला मुळे फुटली ते पाहू.

सुरुवातीला अक्षरे शिकविण्यासाठी छापील कागद नव्हते, तेव्हा मॅके यांनी लाकडाचे टाइप कोरून वाचनाचे तक्ते छापले. पुढे मत्तयाचे शुभवर्तमान लुगांडात उतरविले गेले, आणि त्याची पाने त्यांनी स्वतः जुळविली. वाचावयास येणाऱ्यांची संख्या वाढत गेली. बुगांडात ख्रिस्ती झालेल्यांना लोक ‘आबासोमी’ म्हणत, म्हणजे ‘वाचणारे’. पहिले पाच बाप्तिस्मे १८८२ च्या मार्चमध्ये झाले. ते देणारे मॅके नव्हते, कारण ते शेवटपर्यंत दीक्षित पाळक झाले नाहीत.

१८८४ साली मुतेसा मरण पावला आणि तरुण म्वांगा गादीवर आला. ३१ जानेवारी १८८५ रोजी मिशनच्या परिवारातील तीन मुलांना पकडून जाळून मारण्यात आले. त्याच वर्षी ऑक्टोबरात बिशप हॅनिंग्टन यांचा वध झाला. १८८६ च्या जूनमध्ये नामुगोंगो येथे प्रॉटेस्टंट व कॅथलिक अशा अनेक तरुणांना जिवंत जाळले. ३ जून हा दिवस युगांडात आजही हुतात्म्यांचा दिवस म्हणून पाळला जातो. या काळात मॅके काय करीत होते? ते भट्टी आणि छापखाना चालवीत होते. ज्या मुलांच्या जिवाला धोका होता, त्यांच्या हातात वाचावयास पाने देत होते.

१८८७ च्या जुलैमध्ये त्यांना बुगांडा सोडावे लागले. सरोवराच्या दक्षिणेस उसांबिरो येथे त्यांनी पुन्हा पहिल्यापासून आरंभ केला. विटा, भट्टी, छापखाना, आणि नव्या नावेची तयारी. १८८९ साली स्टॅन्ली आपल्या तुकडीसह तेथे सुमारे तीन आठवडे राहिला. ज्याच्या पत्रामुळे हे सारे सुरू झाले, त्याला चौदा वर्षांनी तो कामाचा माणूस प्रत्यक्ष राबताना दिसला. पुढल्या वर्षी, ८ फेब्रुवारी १८९० रोजी, तापाने मॅके यांचा अंत झाला. वय अवघे ४० होते, आणि या चौदा वर्षांत ते एकदाही मायदेशी गेले नव्हते.

त्यांच्या बहुतेक वस्तू काळाच्या ओघात नाहीशा झाल्या. आखूड केलेली ‘डेझी’ गेली, शवपेटी जमिनीत गेली. पण वाचणारे उरले, आणि त्या वाचणाऱ्यांनी इतरांना वाचावयास शिकविले. संपूर्ण पवित्र शास्त्र १८९६ साली लुगांडात आले. हाताच्या कामाची पद्धतशीर शिकवण पुढे आलेल्या बोरुप यांच्यासारख्या सेवकांनी बसविली; त्यांच्या हाताखाली तेथील तरुण वीटकाम व सुतारकाम शिकले, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी नामिरेंबे टेकडीवर विटांचे कॅथेड्रल उभे राहिले. १९०३ साली त्याच उद्योगकार्यातून युगांडा कंपनी निघाली आणि कापसाच्या लागवडीस चालना मिळाली. या इतिहासाला दुसरी बाजूही आहे. १८९४ साली युगांडा ब्रिटिश संरक्षणाखाली गेला. सेवक ज्या वाटेने आले त्याच वाटेने सत्ताही आली, आणि मॅके यांच्यासारख्यांनाही ती यावी असे वाटत होते. हे आपण झाकून ठेवू नये. परंतु साम्राज्य गेले आणि वाचणे राहिले, हेही तितकेच खरे आहे.

तात्पर्य हे की, जे मॅके यांनी स्वतः करून दिले ते संपले. जे दुसऱ्यांच्या हातात उतरविले ते चालत राहिले. पौलाने तीमथ्याला सांगितलेली रीतही हीच आहे. तुला मिळाले ते विश्वासू माणसांना सोपवून दे, आणि तीही अशी असावीत की पुढे दुसऱ्यांना शिकवू शकतील.

७. आपण शिकणारे होतो

ही गोष्ट केवळ आफ्रिकेची नाही. गोवा, कोकण आणि बेळगाव भागातील वाचकांनी आपल्या छपराकडे पाहावे. मंगळुरी कौल ज्याला आपण म्हणतो, त्याचा पहिला कारखाना बासल मिशनच्या गेऑर्ग प्लेब्स्ट यांनी १८६५ साली मंगळूरला जेप्पू येथे काढला. ख्रिस्ती झालेल्या लोकांना जातीने बाहेर टाकले, त्यांचा पिढीजात धंदा तुटला, म्हणून त्यांना पोट भरण्याचे साधन देणे हा मिशनच्या उद्योगांमागील एक मोठा हेतू होता. पहिल्या महायुद्धात जर्मन सेवकांना देश सोडावा लागला आणि कारखाने मिशनच्या हातून गेले. पण कौले पाडण्याची विद्या गेली नाही. तोपर्यंत ती किनाऱ्यावरील इतर कारखानदारांनी व कामगारांनी आपली करून घेतली होती. तिकडे नगरला अमेरिकन मराठी मिशनचे यंत्रज्ञ डी. सी. चर्चिल यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी हातमागाच्या सुधारणेवर परिश्रम घेतले. परक्या माणसाने शिकविलेले आपण घेतले, आणि ते आपले झाले.

८. आज

आता शिकविणारा गोराच असतो असे नाही. भारत सरकारने १९६४ साली ‘आयटेक’ ही सहकार्य योजना सुरू केली. तिच्याद्वारे इतर देशांतील हजारो लोक येथे येऊन प्रशिक्षण घेतात आणि आपले तज्ज्ञ तिकडे जातात. राजस्थानातील तिलोनिया येथे आफ्रिकेतील खेड्यांतून आलेल्या प्रौढ स्त्रिया, त्यांतील कित्येक निरक्षर, सूर्यशक्तीवर चालणारे दिवे जोडण्यास व दुरुस्त करण्यास शिकतात. शिक्षकाची भाषा त्यांना येत नाही. रंग, खुणा आणि पुन्हा पुन्हा हातांनी करणे यांवरच वर्ग चालतो. परत गेल्यावर गावातले दिवे त्याच सांभाळतात. दिवे नुसते पाठवून दिले असते तर पहिली तार तुटेपर्यंतच ते जळले असते.

बोट्स्वाना देशातील सेरोवे गावी १९६५ साली पॅट्रिक व्हॅन रेन्सबर्ग यांनी आणखी एक वाट काढली. शाळेत जागा न मिळालेल्या मुलांची ‘ब्रिगेड’ करून त्यांना खऱ्या इमारती बांधावयास लावले. बांधकामाच्या मिळकतीतून शिक्षणाचा खर्च निघे आणि शिकाऊ मुलगा पहिल्यापासून गावाच्या उपयोगी पडे. तेथे अनेक देशांचे स्वयंसेवक शिकवावयास गेले.

आपल्या मंडळ्यांतूनही कोणी वेल्डर, वायरमन, परिचारिका, शिवणशिक्षिका म्हणून परदेशी जातात. बहुतेक जण नोकरीसाठी जातात, काही सेवेसाठी. जो शिकविण्यासाठी जाणार आहे त्याने मॅके यांच्या चरित्रावरून चार गोष्टी गाठीला बांधाव्यात :

(अ) पहिले काही महिने शिकावे. तेथला सुतार कोणते लाकूड वापरतो, का वापरतो, ते विचारावे. त्याचे हत्यार हातात घेऊन पाहावे.

(आ) जे हत्यार त्या गावात दुरुस्त होत नाही त्याच्यावर शिकवण उभारू नये.

(इ) स्वतः करण्याचा मोह आवरावा. तिरपे बसलेले दार मुलाकडूनच काढवून पुन्हा बसवून घ्यावे.

(ई) पहिल्या दिवसापासून आपली जागा घेणारा शोधावा. परत येण्याचा दिवस ठरला नसला तरी येणारच आहे.

९. मंडळीसाठी मनन

शेवटी घरातला प्रश्न. आपल्या मंडळीत एखाद्याचा मुलगा डॉक्टर झाला की उपकारस्तुतीच्या वेळी त्याचे नाव घेतले जाते. आयटीआयमधून फिटर होऊन निघालेल्या मुलाचे घेतले जाते काय? बाप विचारल्यावर ‘तो टेक्निकल लाइनला आहे’ असे पुटपुटतो आणि विषय बदलतो. पवित्र शास्त्रात बसालेलाचे नाव लिहिले गेले, बापाच्या आणि आजाच्या नावासकट. आणि आमचा प्रभू ज्या गावचा होता तेथे लोक त्याला सुतार म्हणूनच ओळखीत.

चर्चची गळकी पन्हळ दुरुस्त करणारा, मंडपाची वायरिंग करणारा, बाकांचे पाय बसविणारा भाऊ आपल्यात असतो. त्याला आपण काम सांगतो. त्याच्याजवळ आपला मुलगा शिकावयास पाठवितो काय? तो थकल्यावर त्याचे काम कोण करणार याची चिंता मंडळीच्या सभेत कधी निघते काय? मुतेसाच्या दरबारासारखी वस्तू हवी पण विद्या नको, अशी आपली स्थिती असेल, तर परदेशी सेवक पाठविण्याच्या गोष्टी करण्याआधी आपण येथेच आरंभ केला पाहिजे.

शिक्षकांसाठी सूचना

लहान वर्गासाठी : मंडळीतील एखाद्या सुताराला, गवंड्याला किंवा शिवणकाम करणाऱ्या भगिनीला वर्गात बोलवावे. दहा मिनिटे एकही शब्द न बोलता त्यांनी मुलांना एक साधे काम शिकवावे. खिळा ठोकणे, ओळंबा धरणे, बटण लावणे, काहीही चालेल. नंतर मुलांना विचारावे : काय सोपे गेले? काय अडले? शिक्षकांनी तुमचे काम मध्येच हातातून काढून घेतले असते तर तुम्हांला काय वाटले असते?

मोठ्या वर्गासाठी : नकाशावर झांझिबार, व्हिक्टोरिया सरोवर आणि कंपाला दाखवावे. मॅके यांच्या सामानाचा प्रवास बोटाने आखावा.

चर्चेसाठी प्रश्न

१. निर्गम ३५:३४ मध्ये बसालेलाला मिळालेले कोणते दान सांगितले आहे? काम येणे व शिकविता येणे यांत तुमच्या अनुभवाला कोणता फरक दिसतो?

२. मॅके यांनी दरबाराची कामे केली नसती तर त्यांना देशात राहू दिले असते काय? आश्रय टिकविण्यासाठी सेवकाने कोठवर जावे?

३. ‘वस्तू हवी, विद्या नको’ अशी आपल्या मंडळीतील किंवा गावातील उदाहरणे सांगा.

४. आपल्या मंडळीत असे कोणते कौशल्य आहे जे आज एकाच माणसाच्या हातात आहे? ते दुसऱ्या हातात उतरावे म्हणून या वर्षी काय करता येईल? नावे ठरवून लिहून ठेवावीत.